सरबत फुटतं का गं?

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. लीड्समधलं माझं भाड्याचं छोटंसं घर. मी गाढ झोपेत. आणि खाली किचनमध्ये एकदम धडाम!

पाठोपाठ काचा. आधी एक मोठा खळ्ळकन आवाज, मग बारीक बारीक, थांबत थांबत.

मी उठून बसले तेव्हा शेजारच्या पलंगावर आई आधीच उठून बसलेली होती. दिवा न लावता. दोन्ही हातांनी पांघरूण घट्ट धरून. ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. डोंबिवलीच्या घरात, मी आठवी-नववीत असताना, आई रात्री अशीच बसायची. मीही. दोघी कान देऊन ऐकायचो. फुटलं ते काय, ग्लास की बाटली? आणि पाठोपाठ माणूसही पडलं का?

"कोण आहे खाली?" आईने विचारलं.

खाली कोणी नव्हतं. खाली फुलं होती. दोन लिंबं, थोडी साखर आणि जून महिन्यातली फुलं. पण हे तिला सांगायचं, तर मग सगळंच सांगावं लागणार होतं.

तर आधी तुम्हाला सांगते.

मी २०२१ साली नोकरीसाठी लीड्सला आले. उत्तर इंग्लंडमधलं हे जुनं गिरणगाव. घर कर्कस्टॉलला, ऑफिस शहराच्या मध्यात. मधे लीड्स-लिव्हरपूल कालवा. कालव्याच्या काठाने चालत गेलं की तासाभरात ऑफिस येतं. बसचे पैसे वाचतात आणि जिमची मेंबरशिप न घेतल्याचा गिल्टही कमी होतो. पहिली दोन वर्षं मी त्या वाटेवरून कानात हेडफोन घालून, स्टँड-अप मीटिंग ऐकत चालले. आजूबाजूला काय उगवतं याच्याशी आपला काय संबंध?

२०२३ च्या जूनमध्ये एका सकाळी हेडफोनची बॅटरी संपली. आणि मला वास आला.

कसा सांगू? मधासारखा, पण नुसता गोड नाही. त्यात द्राक्षं, लिंबाची साल आणि किंचित ओलं गवत. वळून बघितलं तर कालव्याच्या कडेला एक अघळपघळ झुडूप, दोन पुरुष उंचीचं. त्यावर बशीएवढे पसरट तुरे. फिकट सायीच्या रंगाची इवली इवली फुलं. पाच पाकळ्या, मधे पिवळे केसर. मी फोटो काढला आणि संध्याकाळी शेजारणीला दाखवला.

ही शेजारीण सत्तरीची आहे, एकटी राहते, आणि लीड्सच्या रिवाजाप्रमाणे बसड्रायव्हरपासून मांजरापर्यंत सगळ्यांना 'लव्ह' म्हणते. नाव छापायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. तर आपण तिला शेजारीणबाईच म्हणू.

फोटो बघून ती म्हणाली, "हा एल्डर! शनिवारी ऊन पडलं तर बादली घेऊन ये."

एल्डर हे नाव हॅरी पॉटरवाल्यांना नवीन नाही. ती सगळ्यात जबरदस्त 'एल्डर वाँड' याच झाडाच्या लाकडाची. मराठीत याला रुळलेलं नाव नाही. इंग्लंडमध्ये मात्र तो आपल्याकडच्या टाकळ्यासारखा कुठेही उगवतो. रेल्वेच्या कडेला, कबरस्तानात, पडक्या भिंतीत. इथले जुने लोक म्हणतात, एल्डर फुलला की उन्हाळा सुरू आणि त्याची काळी फळं पिकली की उन्हाळा संपला. मधला काळ इतका छोटा की कधी कधी मी ऑफिसात असतानाच येऊन जातो.

शनिवारी ऊन पडलं. आम्ही दोघी कात्री आणि बादली घेऊन कालव्यावर. शेजारीणबाई झाडासमोर उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारलं तर जरा लाजलीच. म्हणाली, "या झाडात एक म्हातारी राहते असं माझी आजी सांगायची. विचारल्याशिवाय तोडायचं नाही." मला एकदम माझी आजी आठवली. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावला की ती ओरडायची. झाडं झोपलीत, उठवू नकोस! दोन आज्या, दोन खंड, फंडा एकच.

मग मला ट्रेनिंग मिळालं. फुलं कोरड्या दिवशी, सकाळी उशिरा तोडायची. पाऊस पडून गेला असेल तर पराग धुऊन जातात आणि पराग गेले की वास गेला. जून झालेला, तपकिरी पडायला लागलेला तुरा घ्यायचा नाही. त्याला मांजराने घाण केल्यासारखा वास येतो (खरंच येतो, मी हुंगलाय). एका झाडावरून सगळं ओरबाडायचं नाही. आणि पूर्ण खात्री असल्याशिवाय काहीही तोडायचं नाही, कारण पांढऱ्या छत्रीसारखी फुलं असलेल्या हेमलॉकसारख्या विषारी वनस्पतीही याच काठावर उगवतात. त्या मऊ देठाच्या. एल्डर झुडूप आहे, त्याला लाकडी खोड आणि भेगाळलेली साल असते.

घरी आल्यावर फुलं धुवायची नाहीत. नुसती झटकायची, म्हणजे किडे पडतात. मग हिरवे देठ कात्रीने जमेल तेवढे काढायचे. एल्डरचे देठ, पानं आणि कच्ची फळं यांत पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. म्हणून फक्त फुलं.

"आणि याचं करायचं काय?" मी विचारलं. मला वाटलं होतं, सरबत.

"शॅम्पेन, लव्ह," ती म्हणाली.

इथे मला जरा थांबायला हवं.

माझे बाबा प्यायचे. हे वाक्य लिहायला मला चौतीस वर्षं लागली. त्यात विशेष काही नाही, आपल्या ओळखीतल्या किती घरांत कोणीतरी पितं. बाबांची क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. कपाटात कपड्यांच्या मागे, नाहीतर पाण्याच्या टाकीजवळ ठेवलेली असायची. मी लहानपणी एकदा विचारलं तर म्हणाले, "औषध आहे. खोकल्याचं." आईने लोणची, मुरंबे, पोळीभाजीचे डबे करून घर चालवलं. २०१२ साली बाबा गेले. लिव्हर.

त्यामुळे दारू म्हटलं की माझ्या डोक्यात वर्तमानपत्राचा कागद येतो. पुण्यात पहिल्या नोकरीत टीम आउटिंगला मी कोल्ड्रिंकचा ग्लास धरून फिरायचे. इथे शुक्रवारी सगळे पबमध्ये जातात, तिथे मी लाइम-सोडा मागायचे. तीसाव्या वर्षी पहिल्यांदा अर्धा ग्लास वाइन घेतली. आवडली. आणि आवडली म्हणूनच जाम घाबरले. घरी येऊन फोनच्या नोट्समध्ये तारीख लिहिली आणि पुढे 'अर्धा'. तेव्हापासून ती यादी आहे. प्रत्येक वेळी लिहिते. रक्तात काय काय येतं ते कुठल्या टेस्टमध्ये कळत नाही. मोजणं मात्र आपल्या हातात असतं.

तर शेजारीणबाईच्या तोंडून शॅम्पेन ऐकल्यावर मी निघायलाच हवं होतं. पण समोर उन्हात, ओट्यावर, मांजर शेजारी बसलेलं असताना फुलं पसरली होती. लपवालपवी नाही, कागद नाही. दारू अशी दिवसाढवळ्या, हसत हसत तयार होताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी थांबले.

शॅम्पेन हे अर्थात लाडाचं नाव. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या द्राक्षांची, तिथल्याच पद्धतीने केलेली वाइनच तेवढी शॅम्पेन. १९९३ साली इथल्या अपील कोर्टाने एका इंग्लिश कंपनीला 'एल्डरफ्लॉवर शॅम्पेन' हे नाव वापरायला मनाई केली. फ्रेंच शॅम्पेनवाले कोर्टात गेले होते, आणि गंमत म्हणजे त्या बाटलीत अल्कोहोल नव्हतंच. पण स्वयंपाकघरात कोण पोलीस येतंय! तिथे अजून सगळे शॅम्पेनच म्हणतात.

कृती सांगते. साडेचार लिटर पाणी, सातशे ग्रॅम साखर, दोन मोठी पिवळी लिंबं, दोन टेबलस्पून व्हाइट वाइन व्हिनेगर आणि आठ मोठे तुरे. साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवायची, मग उरलेलं गार पाणी घालायचं. पाणी पूर्ण गार झाल्यावरच फुलं, कारण फुलांवरचं नैसर्गिक यीस्ट गरम पाण्यात मरतं, आणि सगळं काम तर तेच करणार असतं. लिंबाची पिवळी साल किसून आणि रस, दोन्ही घालायचं. आंबटपणामुळे नको ते जंतू दूर राहतात. स्वच्छ बादलीवर कापड बांधायचं आणि दिवसातून एकदा ढवळायचं. दोन-तीन दिवसांत वर बारीक बुडबुडे दिसले की गाडी सुरू झाली. नाही दिसले तर वाइनच्या यीस्टची चिमूट घालायची. मग गाळून बाटल्यांत.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला आकडे हवेत. यीस्ट साखर खातं. खाल्लेल्या साखरेचं, वजनाने धरलं तर, साधारण निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड. लिटरमागे सतरा ग्रॅम साखर संपली की साधारण एक टक्का अल्कोहोल. म्हणजे आमच्या बादलीतली सगळी साखर संपली तर नऊ टक्के. पण हे पेय दोन-तीन आठवड्यांतच, गोड असताना पितात, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी. आता बाटलीचं झाकण बंद आहे आणि आत यीस्टचं जेवण चालूच आहे, तर तो गॅस जाणार कुठे? पाण्यात विरघळतो. म्हणून बुडबुडे. आणि गॅस जास्त झाला तर? खऱ्या शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांएवढा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून तिची काच तेवढी जाड.

"म्हणून काचेत भरायचं नाही," शेजारीणबाई म्हणाली. "कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या घे. रोज दाबून बघ. दगडासारखी लागली की झाकण किंचित सैल कर. फुस्स झालं की पुन्हा घट्ट."

पहिल्या वर्षी मी हे सगळं आज्ञाधारकपणे केलं. सही झालं. २०२४ साली मात्र दोन गोष्टी घडल्या. एक, मी स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागले आणि एक सुंदर चौकोनी काचेची बाटली आणली. कारण काय? फोटो! दोन, आई आली.

आई पहिल्यांदाच इतक्या लांब आली होती. मँचेस्टर एअरपोर्टवर उतरली तेव्हा एका बॅगेत तिचे कपडे आणि दुसऱ्या बॅगेत माझ्या आयुष्यातल्या सगळ्या जून-जुलैची भरपाई. लोणचं, मेतकूट, कुळीथ पीठ. घरी आली, हात-पाय धुतले आणि पहिला प्रश्न, "त्या बादलीत काय आहे?"

आणि मी, चौतीस वर्षांची, टीम लीड, म्हणाले, "सरबत."

का खोटं बोलले? विचार करून बोलले असते तर बोलले नसते. तोंडातून निघून गेलं. औषध आहे, खोकल्याचं.

आई खूश झाली. कापड उचलून वास घेतला. माझ्या हातातली चाळणी बघून म्हणाली, "याने कुठे गाळतात? सगळा चोथा उतरेल." बॅगेतून नवा कोरा पंचा काढला, उकळत्या पाण्यात घालून पिळला, आणि श्रीखंडाचा चक्का बांधतात तसं सगळं बांधून नळाला टांगलं. माझं पहिल्या वर्षीचं गाळणं तासभर चाललं होतं. तिचं वीस मिनिटांत झालं, ते एकदम नितळ. बाटल्या भरताना म्हणाली, "तोंडापर्यंत भरू नकोस, वर जागा ठेव. बरणीलासुद्धा श्वास लागतो." मी मान खाली घालून भरत राहिले. घर सोसलेली ही बाई पदर खोचून माझी दारू गाळत होती, आणि मी तिला गाळू देत होते.

प्लास्टिकच्या बाटल्या मी तळघरात ठेवल्या. लीड्सच्या जुन्या चाळवजा घरांना खाली तळघर असतं, तिथे गार राहतं. हे कारण खरं होतं. पण तिथे आई जात नाही, हेही खरं होतं. चौकोनी बाटली किचनमध्ये खिडकीपाशी. दहा दिवसांनी उकाडा वाढला. माझं गो-लाइव्ह सुरू होतं, रात्री अकरापर्यंत कॉल. बाटल्या बघायला वेळ नाही. बाकी तुम्हाला माहीत आहे.

आम्ही दोघी दिवा लावून खाली आलो. भिंतीवर फेस, ओट्यावर फेस, काचा सिंकपासून दारापर्यंत. सपाट काचेला तेवढा दाब झेपत नाही, हे मला नंतर कळलं. कोणी समोर असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. आईने मला चप्पल घालायला लावली. झाडू आणि सुपली घेतली. काही न बोलता सगळ्या काचा गोळा केल्या. ते काम तिच्या सवयीचं होतं. मग ओल्या फडक्याने फरशी पुसली, फडकं नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"सरबत फुटतं का गं?"

मी गप्प.

"तुझे बाबा म्हणायचे, औषध आहे. तू म्हणालीस, सरबत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा ठेवला. पहाटेचे तीन, बाहेर उजाडायला लागलेलं. इथे जूनमध्ये रात्र उगीच नावाला असते. कप पुढे सरकवून तिने विचारलं, "रोज घेतेस?"

मी फोन काढला आणि ती यादी उघडून तिच्यासमोर ठेवली. जगात कोणालाच दाखवली नव्हती. तिने चष्मा लावला. सगळी वाचली, वरपासून खालपर्यंत, बोटाने सरकवत. 'अर्धा'. 'एक'. 'एक'. मधे दोन महिने काहीच नाही. 'ऑफिस पार्टी, दोन, पुन्हा दोन नको.' बराच वेळ लागला तिला. मग चष्मा काढून म्हणाली, "यांनी लिहायला घेतलं असतं तर वह्या पुरल्या नसत्या."

आणि आम्ही दोघी हसलो. बाबांवर आम्ही एकत्र कधी हसलो नव्हतो. खरं तर बाबांबद्दल एकत्र काहीच केलं नव्हतं. ते गेल्यावरही नाही. विषय निघाला की आई उठून कुकर लावायची.

"खाली आहेत त्या ओतून टाकू का?" मी विचारलं.

तिने विचार केला. "फुलं किती तोडली होतीस?"

"वीस-बावीस तुरे."

"मग नको. फुलं वाया नाही घालवायची. पण लपवून काही ठेवायचं नाही. तळघराचं दार उघडं राहील. आणि काय ते सैल-घट्ट करायचं असतं, ते मला दाखव. तुझा तो कॉल संपायची वाट बघितलीस तर घर जाईल."

दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री नऊ वाजता आई स्वेटर घालून तळघरात उतरायची. मी लॅपटॉप बंद करून मागोमाग. ती एकेक बाटली दाबून बघायची आणि झाकण केसभर सैल करायची. फुस्स. पुन्हा घट्ट. अकरा बाटल्या. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत, बाटलीकडे बघत, माझ्याकडे न बघता, ती बोलायची. रोज थोडंसं. कंपनी बंद पडली त्या वर्षाबद्दल. एका रात्री मला घेऊन मामाकडे निघाली होती आणि स्टेशनवरून परत आली, त्याबद्दल. मी झोपेत होते, मला कधी कळलंच नव्हतं.

आणि एका रात्री हे. "लग्नानंतर पगाराच्या दिवशी गजरा आणायचे. मोगऱ्याचा, कागदात गुंडाळून. मग एका हातात गजरा, दुसऱ्या हातात ती, असं यायला लागले. पुढे गजरा बंद झाला. कागद तेवढा राहिला." फुस्स. घट्ट. "ही बघ, ही आज मऊ लागतेय."

मला गजऱ्याचं माहीत नव्हतं. मला कागद तेवढा माहीत होता.

जुलैमध्ये एका रविवारी आम्ही पहिली बाटली उघडली. शेजारीणबाईच्या मागच्या अंगणात, तीन खुर्च्या, मांजर. मधल्या काळात आईने उरलेल्या फुलांचं खरंखुरं सरबतही केलं होतं. साखरेचा पाक, लिंबं, सायट्रिक अॅसिड, एक दिवस मुरवून गाळलेलं. तिच्या ग्लासात ते, सोडा घालून. आमच्या ग्लासात शॅम्पेन. फेस भसाभसा वर आला, मग बसला, आणि बारीक बुडबुडे सुरू झाले. चव? लिंबू, मध, मागून थोडी ब्रेडसारखी. बाजारातल्या बाटलीइतकी सफाई नाही. पण कालव्याच्या काठावरची ती सकाळ तशीच्या तशी आत होती.

आईने माझा ग्लास हातात घेतला. मी श्वास रोखला. तिने फक्त वास घेतला आणि परत दिला. "वासाला नाव ठेवायला जागा नाही," ती म्हणाली. "एकच ना?"

"एकच."

मी फोन काढून तारीख लिहिली, पुढे 'एक'. या वेळी टेबलावर, सगळ्यांसमोर. शेजारीणबाईने आईचं सरबत चाखलं आणि तिलाही 'लव्ह' म्हणाली. आईने मला विचारलं, ही मला काय म्हणाली? मी म्हटलं, "अगं, वहिनी म्हणाली असं समज."

एक सांगून ठेवते, नाहीतर वीकेण्डला कोणीतरी बादली भरेल. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकायची असेल तर लागतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिथे सरबतच करा. आणि ते सरबतच असू द्या.

आई सप्टेंबरच्या आधी परत गेली. जाताना पंचा ठेवून गेली. पुढच्या जूनमध्ये इथे सकाळचे सहा वाजले असताना तिचा फोन आला. डोंबिवलीत साडेदहा, मागे कुकरची शिट्टी. मी धडपडत उचलला. मला वाटलं, काहीतरी झालं.

"फुलं आली का गं?"

"आली. शनिवारी जाणार आहे."

"विचारून तोड. आणि बाटल्या प्लास्टिकच्याच घे," ती म्हणाली. "रोज नऊ वाजता मला फोन लाव. सैल करताना आवाज ऐकव."

मी म्हटलं, अगं, तेव्हा तुझ्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असेल.

"असू दे," आई म्हणाली. "जागं राहायची मला सवय आहे."